डाऊन सिंड्रोम: गैरसमजांपायी वाया जाणारी वर्षं

उल्हासनगरच्या कॅम्पातली बराक असो, अंबरनाथमधली कामगारवस्ती असो की बदलापूरचा नवा टॉवर, डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ घरी आलं की सल्ले सगळीकडे सारखेच मिळतात. साधारण आठशे जन्मांमागे एका बाळात ही अवस्था आढळते. २०११ च्या जनगणनेनुसार या तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांवर होती, म्हणजे अशी कुटुंबं इथे काही तुरळक नाहीत. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण चुकीचा सल्ला मुलाचा वेळ खातो. पहिल्या काही वर्षांत गेलेला वेळ भरून काढणं फार जड जातं.

गैरसमज: ग्रहण पाळलं नाही, म्हणून असं झालं.

वस्तुस्थिती: ग्रहण, आईचं खाणंपिणं, कुणाची नजर किंवा मागच्या जन्मीचं पाप, यांतल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचं येतं. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं, तर गुणसूत्राचं कारण १९५९ मध्ये उलगडलं. जास्तीचं गुणसूत्र कुठल्याही औषधाने, टॉनिकने किंवा मालिशने काढता येत नाही. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहावं.

गैरसमज: आई वयस्कर असली तरच असं मूल होतं, आणि पुढचंही तसंच होणार.

वस्तुस्थिती: वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं. पस्तिशीत ती साधारण साडेतीनशेत एक, तर चाळिशीत शंभरात एक असते. तरीही अशी बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांना होतात, कारण एकूण बाळंतपणंच त्या वयात जास्त होतात. पुढच्या बाळाचा अंदाज बांधण्यासाठी मुलाची कॅरिओटाइप ही रक्ततपासणी करावी. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये ही घटना योगायोगाने घडलेली असते. तीन-चार टक्क्यांमध्ये ‘ट्रान्सलोकेशन’ (जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असणं) सापडतं, तेव्हा मात्र आई-वडील दोघांचीही तपासणी करावी लागते.

गैरसमज: बाळ शांत आहे, मोठं झालं की आपोआप चालेल-बोलेल.

वस्तुस्थिती: शांतपणामागे बरेचदा स्नायूंचा ढिलेपणा असतो. अंगावर पिताना बाळ दमत असेल, तर त्याचं हृदय तपासायला हवं, कारण जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता जन्मानंतर लगेच इको करावा. थायरॉईड जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी तपासावं. कान आणि डोळेही वेळोवेळी दाखवावेत. नीट ऐकू न येणारं मूल बोलणार कसं? फिजिओथेरपी पहिल्या महिन्यांतच सुरू करता येते, पुढे स्पीच थेरपी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये येतात, त्यामुळे पहिली चौकशी अंगणवाडी सेविकेकडेही करता येते. बौद्धिक दिव्यांगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे.

गैरसमज: यांना शाळेत घालून काय उपयोग?

वस्तुस्थिती: बहुतेक मुलांचं बौद्धिक दिव्यांगत्व सौम्य ते मध्यम असतं. ती शिकतात, फक्त सावकाश. ऐकण्यापेक्षा पाहून त्यांना लवकर समजतं, म्हणून चित्रं आणि प्रत्यक्ष कृती उपयोगी पडते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा, हे कुटुंबाने ठरवायचं. डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने ‘यलो’ (२०१४) या मराठी चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली. प्रत्येक मुलाने तिच्याइतकंच करून दाखवावं असं नाही. स्वतः अंघोळ करणं, दुकानातून दूध आणणं, आपलं स्टेशन आलं की ओळखून उतरणं, हेही शिक्षणच.

गैरसमज: ही देवाची लेकरं, कायम आनंदात असतात. त्यांना काय कळतंय!

वस्तुस्थिती: त्यांना राग येतो, अपमान समजतो, आजी गेल्याचं दुःख होतं. त्यांना बोलता येतं त्यापेक्षा समजतं जास्त. हसतं-खेळतं मूल अचानक गप्प झालं तर ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे थायरॉईड, ऐकू कमी येणं, नैराश्य किंवा कुणी दिलेला त्रास असू शकतो. वयात येण्याचे बदल त्यांच्यातही होतात. मासिक पाळी, खासगी अवयव, नकोसा स्पर्श आणि ‘नाही’ म्हणणं, हे सगळं सोप्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. शेजाऱ्यांना करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे: ‘याला काय आवडतं?’ हे आईला न विचारता त्यालाच विचारायचं आणि उत्तरासाठी जरा थांबायचं.

गैरसमज: ही मुलं फार जगत नाहीत, मग पुढचा विचार कशाला?

वस्तुस्थिती: अमेरिकेत १९८३ च्या सुमारास त्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षं होतं, आज ते ६० च्या आसपास आहे. हृदयावरच्या शस्त्रक्रियांचा यात मोठा वाटा आहे. त्यामुळे ‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न पालकांना टाळता येत नाही. डोंबिवलीजवळ खोणीला ‘घरकुल’ हे बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचं निवासी घर उभं आहे, ते याच प्रश्नातून. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, लवकर काढावं, सवलती आणि योजनांसाठी ते लागतं. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. या तिन्ही शहरांतल्या कुटुंबांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय ठाण्यात आहे. अठरावं वर्ष लागलं की कागदपत्रं जमवायला घ्यावीत.