पडदा काळा, तरी कार्ड शाबूत

मराठी-कन्नड सीमेवरच्या आपल्या उमरग्यात दोन भाषांची माणसे सौदा करू लागली, की कधीकधी मधे दोन्ही भाषा जाणणारा कुणी लागतो. संगणकातील ड्रायव्हर हा तसाच दुभाषी. त्याच्यावाचून लिनक्सचे म्हणणे ग्राफिक्स कार्डाला नीट कळत नाही. घरी सुटे भाग जोडून संगणक तयार केला, लिनक्स बसवले आणि पडदा काळाच राहिला, तर कार्ड जळाले असे समजून सोलापूरची गाडी पकडू नये. पुष्कळदा दोष दुभाष्याचा असतो.

प्रथम मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, तर कार्डालाच लावली आहे ना, हे पाहावे. मग संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीत 'ई' दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडावे. त्या वेळेपुरते साधे चित्र बहुधा दिसते. मग टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' या आज्ञेने कार्डाचे नाव वाचावे.

इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. सहसा वेगळे काही बसवावे लागत नाही. एनव्हिडियाचे तसे नाही. या कंपनीने आपल्या कार्डांची माहिती वर्षानुवर्षे झाकून ठेवली, म्हणून इतरांनी कार्डाचे वागणे निरखून 'नूव्हो' हा ड्रायव्हर लिहिला. २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, पण तो नव्या पिढीच्या कार्डांपुरता.

जुन्या कार्डाला जुनाच ड्रायव्हर लागतो. जीटी ७१० हे कार्ड ४७० मालिकेपर्यंतच चालते आणि त्या मालिकेची देखभाल कंपनीने २०२४ मध्ये थांबवली. अशा कार्डाचे काम नूव्होवर भागवावे. अभ्यास आणि लिखाण त्यावर होते.

उबुंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडून, शिफारस असेल तो ड्रायव्हर निवडावा. सिक्युअर बूट चालू असल्यास त्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात. संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच द्यायचा असतो. हा टप्पा घाईत ओलांडला, तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

एवढे करूनही अंधारच असेल, तर कार्ड शेजाऱ्याच्या संगणकात लावून पाहावे. तिथेही चित्र आले नाही, तरच नव्यासाठी खिशात हात घालावा.