इंद्रायणीचा गाळ आणि समुद्रतळाचे दप्तर

आषाढात मोशीच्या पुलाखालून इंद्रायणी गढूळ होऊन वाहू लागली, म्हणजे तिचे पाणी काचेच्या भांड्यात भरून आणावे आणि त्यात काय घडते ते स्वस्थपणे पाहावे, असा माझा परिपाठ आहे. वाळू तत्काळ तळ गाठते; परंतु सह्याद्रीचा कातळ झिजून झालेली सूक्ष्म मृत्तिका तासन् तास तरंगत राहते, आणि चिमूटभर मीठ टाकताच तिचे कण परस्परांना चिकटून, पुंजके होऊन खाली बसू लागतात. नदीमुखाशी, जेथे गोडे पाणी खाऱ्याला मिळते, तेथे हीच क्रिया विराट प्रमाणावर चालते.

पश्चिमेचा समुद्र जवळ असूनही पिंपरी-चाकणच्या मातीची वाट पूर्वेची आहे. पवना मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरजवळ भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तेथे खंडाच्या बुडालेल्या उतारावर थरावर थर चढतो. जेथे तळाशी प्राणवायू अल्प असतो तेथे गाळ उकरणारे कृमी विरळ होतात, आणि जेथे नवा गाळ त्वरेने पडतो तेथे जुना लवकर झाकला जाऊन त्यातील पानांचे मेण व सूक्ष्म शंख सुरक्षित राहतात.

2006 साली भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे 1268 मीटर पाण्याखालून असाच एक गाळाचा स्तंभ काढला. सुमारे अकरा हजार वर्षांचे हे दप्तर वाचणाऱ्या संशोधकांना पानांच्या मेणातील कार्बनावरून मुलूख उत्तरोत्तर कोरडा झाल्याचा दाखला मिळाला, आणि पाऊस घटत असतानाही गेल्या काही सहस्रकांत दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढल्याचे दिसले. वनस्पतीचे आच्छादन विरळ झाले, शेती पसरली, आणि उघडी पडलेली जमीन वाहून गेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आज आपण एकीकडे डोंगरउतार फोडून माती मोकळी करतो, आणि दुसरीकडे 1980 साली पुरे झालेल्या उजनीसारख्या धरणांत तीच माती अडवून जलाशयाची धारणाशक्ती घटवतो; समुद्रापर्यंत पोहोचते ते शेष. म्हणून चाकणच्या पट्ट्यात जमीन उकरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या पावसापूर्वी उघड्या उतारांवर गवत धरावे, आणि ओढ्यांच्या काठची झाडी राखावी. माती जेथल्या तेथे धरून ठेवण्याहून स्वस्त उपाय पुढे कोणत्याही धरणावर मिळणार नाही.