जुनी शिडाची बोट : आधी भोकं मोजा



आपल्यापैकी बरेच जण किनाऱ्यावरचे. होड्या, ट्रॉलर, फेरीबोटी रोजच्या बघण्यातल्या. पण निव्वळ हौसेसाठी घेतलेली, शिडावर चालणारी, आत झोपायला जागा आणि एवढंसं स्वयंपाकघर असलेली, वर पन्नाशीला आलेली बोट तुम्ही क्वचितच पाहिली असेल. इंग्लंडच्या किनाऱ्यावर अशा जुन्या बोटी हजारोंनी आहेत. सुट्टीत एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, किनारा धरून फिरायचं, यासाठी लोक त्या बाळगतात.

माझा एक जुना विद्यार्थी तिथे दक्षिण किनाऱ्यावर नोकरीला आहे. एके दिवशी त्याचा फोन आला, "सर, बोट घेतली!" मी विचारलं, "अरे, नवी की जुनी?" तर म्हणतो, "सर, माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे." पुढे वर्षभर आमचं जे बोलणं झालं, त्यात शाळेतलं विज्ञान इतक्या वेळा आलं, की म्हटलं याचा एक पाठच लिहावा.

त्याची बोट आहे वेस्टर्ली सेंटॉर. लांबी २६ फूट, वजन साधारण तीन टन. लॉरेंट जाइल्स या नावाजलेल्या कंपनीने तिचा आराखडा केला आणि १९६९ ते १९८० या काळात अशा सुमारे २,४०० बोटी तयार झाल्या. हिचं वैशिष्ट्य म्हणजे हिला खाली एक नाही, दोन कील आहेत. कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचा जड पंख. तो बोटीला वाऱ्याने कलंडू देत नाही आणि बाजूला सरकू देत नाही. दोन कील कशाला? तर तिथल्या खाड्यांमध्ये भरती-ओहोटीचा फरक मोठा. ओहोटीला पाणी निघून जातं आणि बोट गाळात बसते. एक कील असेल तर ती कुशीवर आडवी होईल. दोन असतील तर दोन पायांवर सरळ उभी राहते. आपल्या खाडीत ओहोटीला तिरक्या पडलेल्या होड्या आठवा, म्हणजे लक्षात येईल.

आता प्रश्न असा, की पन्नास वर्षांची बोट अजून पाण्यात कशी? कारण ती फायबरग्लासची आहे. काचेच्या तंतूंचं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर दिलेले असतात. हे लाकडासारखं कुजत नाही, लोखंडासारखं गंजत नाही. शिवाय सुरुवातीच्या काळात हे द्रव्य नवं होतं, म्हणून बांधणाऱ्यांनी भीतीपोटी थर जाडच ठेवले. त्यामुळे अशा बोटी संपतच नाहीत आणि काही हजार पौंडांत मिळतात. मग खर्च सुरू होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

बोट मिळाल्यावर पोराने काय करावं? पडद्यावर नकाशा दाखवणारं महागडं यंत्र, नव्या गाद्या आणि एक फ्रीज यांची यादी मला पाठवली. मी त्याला एकच विचारलं, "तुझ्या बोटीला भोकं किती आहेत?" तो हसला. मी हसत नव्हतो.

बघा, फायबरग्लासचं अखंड कवच मजबूत असतं. जुन्या बोटीचं बहुतेक दुखणं सुरू होतं ते जिथे त्या कवचाला कुणीतरी भोक पाडलंय तिथे. भोकं कुठे कुठे असतात? पाण्याखाली : इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारं, बेसिनचं पाणी बाहेर सोडणारं, संडासाची दोन, पंख्याच्या दांड्याचं. पाण्यावर, म्हणजे डेकवर : शिडाचे दोर अडकवायच्या प्रत्येक कडीचे, प्रत्येक कठड्याचे बोल्ट. आणि सगळ्यात खाली कीलचे बोल्ट.

पंख्याच्या दांड्याचं भोक सोडलं तर पाण्याखालच्या यातल्या प्रत्येक भोकावर आतून एक झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. घरातल्या नळाच्या कॉकचीच भावंडं. ती तुटली तर काय होईल? चला, गणितच करू. भोकाचा व्यास ४ सेंटिमीटर, पाण्याच्या पातळीखाली खोली ५० सेंटिमीटर. आत घुसणाऱ्या पाण्याचा वेग म्हणजे २ × ९.८ × ०.५ याचं वर्गमूळ, साधारण ३.१ मीटर प्रतिसेकंद. भोकाचं क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर सेकंदाला जवळजवळ ४ लिटर. प्रत्यक्षात धार भोकातून जाताना आकसते, म्हणून त्याचे ६० टक्केच धरू. तरी मिनिटाला १४० लिटर होतात. दहा मिनिटांत १,४०० लिटर, म्हणजे १.४ टन, आणि बोटीचं स्वतःचं वजन आहे तीन टन. (आत पाणी चढेल तसा वेग थोडा कमी होतो, पण तेवढ्याने जीव वाचत नाही.) एक माणूस हातपंप मारून एवढं पाणी उपसू शकत नाही.

आता रसायनशास्त्र. अनेक जुन्या बोटींवर ही झडप पितळेची असते. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. समुद्राच्या खारट पाण्यात यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं. वरून झडप जशीच्या तशी दिसते. खरवडून बघितली तर आत गुलाबीसर रंग दिसतो. कांस्य, म्हणजे तांबं अधिक कथील, या बाबतीत कितीतरी टिकाऊ.

त्याने बोट क्रेनने उचलून यार्डात ठेवली होती, तेव्हाची गोष्ट. बेसिनखालची झडप फिरवायला गेला, तर दांडा आणि झडपेचा वरचा तुकडा दोन्ही हातात आले. जमिनीवर होतं म्हणून फक्त "अरेच्चा" झालं. हेच खाडीच्या मध्यावर झालं असतं तर? तेव्हापासून फ्रीजचं नाव निघालं नाही. सगळ्या झडपा बदलल्या, आणि प्रत्येकीजवळ मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली. झडप तुटलीच तर ती भोकात ठोकायची. ओलं लाकूड फुगतं आणि घट्ट बसतं. अशा किरकोळ वस्तूने जे काम होतं, ते लाखाच्या यंत्राने होत नाही.

डेकचं दुखणं वेगळं, ते लपून बसतं. अनेक बोटींच्या डेकमध्ये वरखाली फायबरग्लास आणि मधे बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं. सँडविचसारखंच. त्यामुळे डेक हलका राहतो आणि वाकत नाही. पण बोल्टभोवतीचं सीलंट वीस-तीस वर्षांत कडक होऊन सुटतं, पावसाचं पाणी थेंबथेंब आत जातं आणि मधलं लाकूड कुजतं. हे ओळखायचं कसं? आपण कलिंगड वाजवून बघतो ना, तसं. प्लॅस्टिकच्या हातोडीने किंवा नाण्याने टकटक करत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला की समजावं आत ओल आहे. दुरुस्तीही छान आहे. भोक आधी मोठं करायचं, कडेचं लाकूड कोरून काढायचं, ती पोकळी इपॉक्सीने भरायची, आणि वाळल्यावर त्यातून मापाचं भोक पाडायचं. आता पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. वेळ लागतो, पण घरी करण्यासारखं काम आहे.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या स्टेनलेस स्टीलच्या. तुम्ही म्हणाल, स्टेनलेस कुठे गंजतं? गंमत इथेच आहे. या पोलादातल्या क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर तयार होतो, तोच त्याला वाचवतो. थर ओरखडला तरी हवा मिळाली की पुन्हा तयार होतो. पण पट्टी जिथे डेकमधून आत जाते, त्या फटीत खारं पाणी साचतं आणि ऑक्सिजन पोचत नाही. मग थर भरून येत नाही आणि पोलाद आतून खात जातं. उघड्यावरचा भाग चकचकीत, झाकलेल्या भागात बारीक तडा. म्हणून जाणते मालक ही पट्टी पूर्ण बाहेर काढूनच तपासतात. तारांचं आयुष्यही साधारण दहा ते पंधरा वर्षं धरतात. पुढे त्या चांगल्या दिसल्या तरी बदलतात, कारण डोलकाठी पडते तेव्हा आधी सांगून पडत नाही.

सेंटॉरचं एक खास दुखणं म्हणजे कीलच्या मुळाशी येणारा ताण. गाळात बसताना-उठताना दोन्ही पाय बाजूला फाकायला बघतात आणि बोल्टभोवतीचा भाग वाकतो. अनेक मालकांनी आतून फायबरग्लासचे जादा आडवे थर देऊन तो भक्कम करून घेतला आहे. जुनी बोट घेताना हे काम झालंय का, हा पहिला प्रश्न असायला हवा. माझ्या विद्यार्थ्याने तो विचारला नव्हता. नशिबाने आधीच्या मालकाने काम केलेलं होतं.

लोक एका गोष्टीला मात्र उगाच घाबरतात, ती म्हणजे ऑस्मॉसिसचे फोड. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, ते परासरण तुम्ही शिकलात. बोटीच्या पोटाच्या बाह्य थरातून पाणी सूक्ष्म प्रमाणात आत जातं, तिथली उरलेली रसायनं विरघळवतं, त्या घट्ट द्रावणाकडे आणखी पाणी ओढलं जातं आणि फोड येतो. फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. दिसायला वाईट, पण यामुळे बोट सहसा बुडत नाही. थर सोलून, काही महिने वाळवून, इपॉक्सीचे हात देतात. घाई नसते. माझ्या मते या फोडांवर पैसा ओतून झडपा तशाच ठेवणारा मालक म्हणजे दाराला कुलूप नाही आणि घराला रंग काढतोय!

इंजिनाबद्दल थोडक्यात : डिझेलचे फिल्टर, थंड पाणी खेचणारा रबरी पंखा, आणि जस्ताचा ठोकळा दरवर्षी बदलायचा. हा ठोकळा पाण्याखाली मुद्दाम लावतात, म्हणजे इतर धातूंऐवजी जस्तच झिजतं. गॅस सिलिंडरचं मात्र लक्षात ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दार-खिडकी उघडता येते. बोट म्हणजे वाडगा, तो तळाशी साचून राहतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याचं तळाचं भोक थेट बोटीबाहेर उघडतं. हे एक भोक तेवढं चुकूनही बुजवायचं नाही.

आता सुधारणा, म्हणजे नव्या वस्तू. माझा विरोध नाही. डोलकाठीवरचा २५ वॅटचा जुना दिवा रात्री आठ तास लावला तर २०० वॅट-तास जातात, १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १७ अँपिअर-तास. तिथे ३ वॅटचा एलईडी लावला तर फक्त २. ही खरी सुधारणा, आणि नवं भोकही पाडावं लागत नाही. याउलट फ्रीज, नकाशाचं यंत्र, सौरपट्टी यांतली प्रत्येक वस्तू तीन-चार नवे स्क्रू आणि वायरीचं एक भोक घेऊनच येते. ते आज नीट बुजवलं नाही तर वीस वर्षांनी पुढचा मालक तुम्हाला शिव्या देईल.

लाकडी बोटींचं गणित वेगळं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तशी करणारे ते पहिलेच. त्यांची ३२ फुटी 'सुहैली' आपल्या मुंबईत, सागवानात बांधली होती. वाटेत तिच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा भर समुद्रात पाण्याखाली जाऊन त्यांनी तो सांधा भरला. पुढे ती ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवली, तर तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या. शेवटी मालकाने तिला बाहेर काढून पुन्हा दुरुस्त केलं आणि पाण्यात सोडलं. फायबरग्लासच्या बोटीचं तसं नाही, ती यार्डात दहा वर्षं पडून राहील. फक्त तोवर डेकवरच्या भोकांतून पाणी आत जातच राहतं.

आमच्या पठ्ठ्याने आता एक वही केली आहे. प्रत्येक भोकाला क्रमांक, शेवटचं सीलंट कधी लावलं ते साल, आतून ओल आहे का. डेकवरची ६४ आणि पाण्याखालची ५ एवढी झाली आहेत, कीलचे बोल्ट अजून मोजायचे आहेत. नकाशाचं यंत्र या हिवाळ्यात बसवतोय.

घरी करून बघा : पत्र्याचा एक रिकामा डबा घ्या. मोठ्यांच्या मदतीने तळाला खिळ्याने एक भोक पाडा. बादलीत तो ५ सेंटिमीटर खोल दाबून धरा आणि आत पाण्याचा थर बोटभर जाडीचा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग १० सेंटिमीटर खोल धरून पुन्हा मोजा. वेळ निम्मा झाला का? नसेल तर वर दिलेलं वर्गमूळ पुन्हा एकदा बघा. नंतर भोकाचा व्यास दुप्पट करा आणि तिसऱ्यांदा मोजा.