जेसीबी लावण्याआधी जमिनीला विचारा

अमरावतीत परकोटाच्या आत एखादा जुना वाडा उतरवला जातो. सागवानी खांब विकले जातात, कुंपणाला पत्रे लागतात आणि पाटी झळकते: पाच मजले, खाली पार्किंग. आता पाया खणायचा. खाली काय लागेल, असं कंत्राटदाराला विचारलं तर तो बिनदिक्कत सांगेल, ‘‘वर भराव, मग काळी, मग मुरूम.’’ त्याचं चूक नाही. पण तो ‘भराव’ म्हणजे नक्की काय? कुणाची चूल, कुणाचं पेव, कुणाची पडलेली भिंत? आणि फावडं मारण्याआधी हे कळेल का?

कळतं. बरंचसं कळतं! जगातल्या अनेक शहरांत बांधकामाआधी हा तपास रीतसर केला जातो, आणि त्याची सुरुवात मातीत होत नाही, कागदावर होते.

अमरावतीचंच बघा. निजामाच्या राजवटीत 1807 मध्ये परकोटाचं काम सुरू झालं, कारण पेंढाऱ्यांच्या धाडींनी इथल्या सावकार-व्यापाऱ्यांची झोप उडाली होती. भिंत सव्वादोन मैलांची, उंची 20 ते 26 फूट, खर्च चार लाख रुपये. पाच वेशी आणि चार खिडक्या. हे सगळं जुन्या गॅझेटिअरमध्ये छापलेलं आहे. आता जरा थांबा आणि विचार करा. एवढी वजनदार भिंत ज्या मातीवर उभी राहिली, ती माती त्या दिवसापासून बंद झाली. भिंतीखालच्या अबाधित थरात बांगडीचा तुकडा निघाला, तर तो भिंतीपेक्षा जुना असलाच पाहिजे. कसलंही यंत्र न लावता, निव्वळ एका भिंतीच्या साक्षीनं तारीख मिळाली!

अकोल्यात मोर्णेकाठच्या असदगडाचंही तेच. औरंगजेबाच्या काळातला हा किल्ला पुढे इंग्रजी अमलात बराचसा पाडला गेला. पण भिंत पाडणारा माणूस जमिनीच्या वरचं पाडतो. खालचा पाया उपसायला त्याला कोण पैसे देतो? म्हणून जुना नकाशा आजच्या सिटी सर्व्हेच्या नकाशावर ठेवून बघायचा. वर किराणा दुकान दिसत असलं, तरी खाली बुरूज असू शकतो.

कागद संपले की डोळे उघडे ठेवून चालायचं. गल्लीत चढ कुठे येतो? देवळात जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात का? देऊळ खाली गेलेलं नसतं, भोवतालचा रस्ता वर आलेला असतो. मातीची घरं पडतात, त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी उभी राहतात, राख-शेण-कचरा तिथेच जिरतो, आणि शतकानुशतकं गाव इंचाइंचानं उंच होत जातं. ही वस्तीची माती काळ्या रानात लांबून ओळखू येते, कारण ती फिकट, राखट आणि भुसभुशीत असते. वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, काळी कुठे संपते आणि पांढरी कुठे सुरू होते, ते तो बोटानं दाखवेल. पुरातत्त्वाचे अभ्यासकही गावात शिरले की आधी पांढरीच शोधतात.

ही पांढरी गाड्या भरभरून शेतात खत म्हणून नेली जायची. शेतकऱ्याला कसं कळलं की तिच्यात कस आहे? तिच्यात फॉस्फेट असतं. माणसं आणि गुरं जिथे राहतात तिथे हाडं, शेण, मूत्र, खरकटं यांतून फॉस्फरस जमिनीत उतरतो, मातीतल्या चुन्याला आणि लोहाला घट्ट चिकटतो आणि पावसानंही सहजी धुऊन जात नाही. घर गेलं, माणसं गेली, गावाचं नावही गेलं, तरी हजारो वर्षांनी चिमूटभर माती तपासली की कळतं: इथे कुणीतरी राहत होतं. स्वीडनमध्ये 1930 च्या आसपास ओलोफ आरेनियस नावाचा शास्त्रज्ञ साखरबीटासाठी जमिनी तपासत होता. जिथे फॉस्फेट विनाकारण वाढलेलं दिसे, तिथे जुन्या वस्त्या निघू लागल्या. निघाला होता खताच्या हिशेबाला, हाती लागली हरवलेली गावं!

आता यंत्रांकडे वळू. भट्टीत वीट सातआठशे अंशांच्या पुढे तापते, तेव्हा तिच्यातल्या लोहखनिजाचं जुनं चुंबकत्व पुसलं जातं. मग गार होताना ते पृथ्वीच्या चुंबकाची त्या दिवशीची दिशा धरतं आणि तशीच गोठवून ठेवतं. म्हणजे जमिनीखाली गाडलेली जुनी भट्टी आजही भोवतालच्या मातीपेक्षा वेगळी ‘ओढ’ दाखवते, आणि वरून उपकरण घेऊन चालणाऱ्याला ती ओढ मोजता येते. मात्र वऱ्हाड इथे एक खोडी काढतो. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, स्वतःच चुंबकीय आहे. त्यात शहरातल्या सळया आणि पाइप. भट्टी कुठली आणि दगड कुठला, हे निवडताना अभ्यासकाचा घाम निघतो.

दुसरं यंत्र रडारचं. जमिनीत लहरी सोडायच्या, भिंतीवर आपटून परत आलेल्या टिपायच्या. वाळूत ते झकास चालतं. आपल्या काळ्या चिकणमातीत मात्र ओल आणि क्षार लहरी गिळून टाकतात. कापसाच्या गादीत तोंड खुपसून हाक मारावी, तशी गत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका.

काळीची आणखी एक करामत आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून मिटते. घराच्या भिंती तडकतात त्या यानंच, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. पण मे महिन्यात एखादा मणी भेगेत घरंगळला आणि जूनमध्ये भेग मिटली, तर? आजचा मणी कालच्या थरात जाऊन बसला! शेकडो वर्षं हे चालू राहिलं, तर काळी स्वतःलाच हळूहळू घुसळून काढते. म्हणून इथे ‘खोल म्हणजे जुनं’ हा सोपा नियम डोळे मिटून लावता येत नाही. पांढरीतला थर त्या मानानं भरवशाचा.

मग खात्री करायची कशी? त्याची सोय बिल्डर स्वतःच करून देतो. मोठ्या इमारतीआधी सॉईल टेस्ट होते. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून पुन्हा पुन्हा पडतो आणि पोलादी नळी जमिनीत घुसते. नळी वर काढून उभी उकलली की मातीची कांडी समोर येते. इंजिनीअर बघतो, माती किती भार पेलेल. त्याच कांडीकडे दुसऱ्या नजरेनं बघा. वर सिमेंटचा चुरा, मग विटकरी ठिपके, त्याखाली बोटभर जाडीची राखाडी रेघ, तिच्यात कोळशाचा कण आणि खापराची एक कड. खाली स्वच्छ काळी. त्या राखेच्या रेघेवर कुणाचा तरी स्वयंपाक झाला असेल. छिद्र आधीच पाडलेलं आहे, पैसे आधीच मोजलेले आहेत. उणीव असते ती फक्त बघणाऱ्याची.

तपासात आणखी एक प्रश्न असतो: जे होतं ते उरलंय का? गेल्या पन्नास वर्षांतली तळघरं, सेप्टिक टँक, बोअर आणि गटारं नकाशावर रंगवत गेलं की जुन्या वस्तीचे तुकडे उरतात. सगळ्यात भाग्यवान जागा कोणती? जिथे कुणी खोल खणलंच नाही ती. वाड्याचं मोकळं अंगण!

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं उत्तर अमरावती जिल्ह्यातच आहे. चांदूर बाजार तालुक्यात पूर्णेच्या वळणावर फुबगाव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथे 2018-19 च्या हिवाळ्यात उत्खनन केलं. जमिनीतली खांबांची भोकं जोडत गेल्यावर एका गोल घराचा आराखडा उमटला, सोबत चूलही. काळ इसवी सनापूर्वी सातवं ते चौथं शतक! लाकूड केव्हाच कुजलं होतं. उरला होता तो खड्ड्यातल्या मातीचा वेगळा रंग. जेसीबीच्या एका बकेटमध्ये असं अख्खं घर जातं आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

नाण्यांचं तसं नसतं, ती चमकतात. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला, आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे इतिहासात आले. नाणी राजांची नावं सांगतात. रयत कशा घरात राहत होती, हे मात्र मातीचे डाग सांगतात.

आणि कायदा? संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा, असं 1878 चा कायदा सांगतो. पण राखेच्या रेघेची किंमत किती? बाजारात शून्य. म्हणून ती ना स्मारकात बसते, ना ठेव्यात, आणि परकोटाच्या आतल्या साध्या प्लॉटवर ती तपासायची सक्ती कुणावरच नाही. तिथे एकच उपाय उरतो. सॉईल टेस्टची नळी उकलेल त्या दिवशी जवळच्या कॉलेजातल्या पुरातत्त्वाच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलवा. त्यानं इमारत एक दिवसही लांबणार नाही, आणि पाया कुणाच्या घरावर पडतोय हे निदान आधी कळेल.