पद्मिनीत पाच, पिकअपमध्ये तीस? जुनी कार आणि आजची पिकअप यांतला फरक समजून घ्या

पुरुषोत्तमनगर (ता. शहादा) : साखर कारखान्याच्या या गावात पूर्वी ‘गाडी’ म्हटले की फियाट किंवा अॅम्बेसेडर डोळ्यांसमोर यायची. आज गाडी म्हणजे पिकअप. सकाळी पपई, दुपारी खताच्या गोणी आणि संध्याकाळी वऱ्हाड, सगळे तिच्यातूनच जाते. पण कारची जागा पिकअप खरंच घेऊ शकते का?

इंजिनात फरक किती?
कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ नावाने विकली गेली. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, सुमारे ४० हॉर्सपॉवर आणि वजन ९०० किलोच्या आसपास. बोलेरो पिकअपच्या १.७ टन मॉडेलमध्ये २५२३ सीसीचे डिझेल इंजिन आहे. ओढण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, पद्मिनीच्या अडीच पटीहून जास्त. पद्मिनीच्या वजनाच्या जवळपास दुप्पट माल ती वाहते.

बांधणी वेगळी का?
पद्मिनीची बॉडी म्हणजे एकसंध पेटी. माणसे तिच्या आत, सीटवर बसायची. पिकअप जाड लोखंडी चेसिसवर उभी असते. मागचे पाटे भरलेल्या गाडीसाठी कडक ठेवलेले असतात, त्यामुळे रिकामी पिकअप उसळते. अर्थात पद्मिनीतही एअरबॅग किंवा एबीएस नव्हते. जुनी कार सुरक्षित होती असे नाही, पण ती माणसांसाठी बनली होती.

माणसे भरली की काय होते?
सरासरी ६० किलो धरले तरी ३० जणांचे वजन १८०० किलो होते, म्हणजे १.७ टनांची मर्यादा तिथेच ओलांडली. गोणी दोरीने बांधल्या की जागच्या जागी राहतात. उभी माणसे मात्र वळणावर एकाच बाजूला झुकतात. वजन उंचावर गेल्याने गाडी कलंडायला वेळ लागत नाही. उतारावर ब्रेकवरचा ताणही वाढतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि अनेकांचा जीव गेला.

विमा मिळतो का?
पिकअपची नोंदणी मालवाहू वाहन म्हणून होते. मालासोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण आहे. फुकट बसवलेल्या इतर प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. म्हणजे अपघातानंतर भरपाईचा भार गाडीमालकावर येऊ शकतो.

घरात जुनी पद्मिनी आहे?
२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

थोडक्यात काय?
शेतमालासाठी पिकअपला तोड नाही. यात्रा किंवा लग्नाला जायचे असेल तर एसटी किंवा प्रवासी परवान्याची गाडी ठरवा. भाड्यात वाचलेले पैसे घाटातल्या एका वळणापुढे काहीच नाहीत.