अर्थशास्त्राचं नोबेल हे ‘खरं’ नोबेल नाही का?

१० डिसेंबर २०१९. स्टॉकहोमच्या सोहळ्यात अभिजित बॅनर्जी धोतर नेसून आणि त्यांच्या पत्नी एस्थर डुफ्लो साडी नेसून पुरस्कार घ्यायला गेले. फोटो भारतात तुफान व्हायरल झाले. त्यात बॅनर्जींच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर आणि मुलाचं मधलं नाव ‘विनायक’. मग मराठी लोकांनी जरा जास्तच कौतुक केलं तर नवल नाही.

पण अर्थशास्त्राचा हा पुरस्कार जाहीर झाला की एक कमेंट हमखास दिसते : ‘हे काही खरं नोबेल नाही.’

कमेंट खोचक असते, पण तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली. त्यात पाचच पुरस्कार होते : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यकशास्त्र, साहित्य आणि शांतता. अर्थशास्त्राचा उल्लेखही नव्हता. १९०१ पासून हे पाच पुरस्कार दिले जाऊ लागले.

सहावा आला तो थेट १९६८ मध्ये. स्वीडनची मध्यवर्ती बँक, म्हणजे तिथली रिझर्व्ह बँक म्हणा, तीनशे वर्षांची झाली होती. वर्धापनदिनाची भेट म्हणून बँकेने एक पुरस्कार सुरू केला. त्याचं पूर्ण नाव असं : ‘आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ स्वीडिश मध्यवर्ती बँकेचा अर्थशास्त्र पुरस्कार’. थोडक्यात, हा नोबेलच्या आठवणीत दिलेला पुरस्कार आहे, नोबेलने ठेवलेला नाही. १९६९ मध्ये तो पहिल्यांदा रॅग्नर फ्रिश आणि यान टिनबर्गन यांना मिळाला.

फरक पैशातही आहे. पाच पुरस्कारांची रक्कम नोबेलच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या निधीतून येते, अर्थशास्त्राची बँक देते. पदकही वेगळं. बाकी सगळं सारखंच : तोच दिवस, तोच मंच, तोच राजा, रक्कमही तेवढीच. विजेत्यांची निवड करते ती रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ सायन्सेस, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे विजेतेही तीच निवडते. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? जगाने ‘अर्थशास्त्राचं नोबेल’ म्हणून टाकलं.

नोबेल घराण्यातल्या पीटर नोबेल यांना हे कधीच पटलं नाही. बँकेने दुसऱ्याच्या घरट्यात आपलं अंडं घातलं, असा त्यांचा आरोप. आपल्याकडे कोकिळेचं नाव घेऊन हेच म्हणता आलं असतं.

मग नावाचा एवढा वाद कशाला? याचं सगळ्यात चांगलं उत्तर एका विजेत्यानेच दिलंय.

१९७४ मध्ये फ्रेडरिक हायेक आणि गुन्नार मिर्डाल यांना पुरस्कार विभागून मिळाला. दोघांचे विचार अगदी दोन टोकांचे. हायेक मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते, मिर्डाल कल्याणकारी राज्याचे. पुरस्कारानंतरच्या मेजवानीत हायेक भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, हा पुरस्कार सुरू करण्याआधी मला विचारलं असतं तर मी ‘नको’ म्हणालो असतो. ज्यांच्या घरचं जेवण, त्यांनाच हे ऐकवायला धाडस लागतं.

त्यांचं म्हणणं असं होतं. भौतिकशास्त्रज्ञ आपल्या मर्यादेबाहेर बोलला तर त्याच्याच क्षेत्रातले लोक त्याला लगेच जागेवर आणतात. अर्थतज्ज्ञाचं तसं नसतं. त्याचं ऐकतात राजकारणी, पत्रकार, अधिकारी आणि सामान्य लोक. एका विषयात मोठं काम केलेल्या माणसाचं मग महागाईपासून शाळांपर्यंत सगळ्यावरचं मत प्रमाण मानलं जातं. अर्थशास्त्रात एवढा अधिकार कोणाही एकाच्या हाती असू नये, असं हायेक यांचं मत होतं. पुढे मिर्डाल यांनीही हा पुरस्कार बंद करावा अशी भूमिका घेतली. एरवी कशावरच एकमत नसलेल्या दोघांचं इथे जुळलं, कारणं मात्र वेगवेगळी होती.

म्हणून अमर्त्य सेन (१९९८) किंवा बॅनर्जी यांचं काम कमी ठरतं का? अजिबात नाही. दुष्काळात धान्य असूनही माणसं का मरतात, हे सेन यांनी दाखवलं ते पुरस्काराच्या कितीतरी आधी. पण ‘नोबेल विजेते म्हणतात’ असा फॉरवर्ड आला, तर ते कोणत्या विषयावर बोलतायत आणि त्यांचा अभ्यास कशावर आहे, हे बघायला हरकत नाही.

आणि सातवं नोबेल? ते येणार नाही. अर्थशास्त्राच्या अनुभवानंतर नोबेल फाउंडेशनने यापुढे नवा पुरस्कार जोडायचा नाही, असं ठरवलंय.