जुना डेस्कटॉप, नवा पाया आणि मराठीचा ‘ळ’

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ न पेलणाऱ्या संगणकांसाठी लिनक्स हा एक मार्ग उरतो. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठी भाषक तालुक्यांतील वापरकर्त्यांसाठी त्यात एक प्रश्न दडला आहे: नव्या व्यवस्थेत मराठी पूर्ववत उमटेल का?

जुन्या यंत्रांवर ‘एक्सएफसीई’ हा हलका डेस्कटॉप अनेकांच्या पसंतीचा असतो. त्याची सुरुवात १९९६ची. तो ज्या ‘एक्स’ प्रणालीवर उभा राहिला, ती १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. पडद्यावर चित्र दाखवणे आणि कळफलकावरील टंकन योग्य खिडकीपर्यंत पोहोचवणे हे तिचे काम. मात्र तिच्या रचनेत एक प्रोग्राम दुसऱ्यात टंकलेली अक्षरे टिपू शकतो. पासवर्डही त्याला अपवाद नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ने ही मोकळीक काढून घेतली. प्रत्येक प्रोग्रामला केवळ स्वतःचीच खिडकी दिसते आणि सारा व्यवहार ‘कंपोझिटर’ नावाच्या मध्यस्थामार्फत होतो.

जुन्या डेस्कटॉपची अडचण इथेच होते. खालची पट्टी उघड्या खिडक्यांची यादी थेट ‘एक्स’कडून मिळवत असे, तो रस्ता आता बंद झाला. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या एक्सएफसीई ४.२० ने दोन्ही प्रणालींशी बोलणारा एक सामाईक दुवा आणला आणि वेलँडला प्रायोगिक आधार दिला. त्याचा स्वतःचा खिडकी-व्यवस्थापक मात्र ‘एक्स’पुरताच राहिल्याने ‘लॅबडब्ल्यूसी’सारख्या वेगळ्या कंपोझिटरची मदत घ्यावी लागते. जुने प्रोग्राम ‘एक्सवेलँड’ या सेतूवरून चालतात.

मराठीपुरते पाहायचे, तर इन्स्क्रिप्ट कळफलकाचा आराखडा मूळ व्यवस्थेतच असतो, त्यामुळे तिथे अडचण कमी. हिंदी आणि मराठी इन्स्क्रिप्ट जवळपास एकच असल्याने हिंदी मांडणीतही शिफ्टसह ‘एन’ दाबल्यास ‘ळ’ आणि शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास ‘ऱ’ मिळतो. रोमन अक्षरांवरून मराठी शब्द घडवणाऱ्यांचे मात्र तसे नाही. त्यांना आयबस किंवा एफसीआयटीएक्ससारखा मदतनीस लागतो आणि वेलँडवर त्याचे काम कंपोझिटरच्या सहकार्यावर अवलंबून असते. एका प्रोग्रामात मराठी नीट उमटते, दुसऱ्यात उमटत नाही, असे होऊ शकते ते यामुळेच.

म्हणून बदलापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहावे. ब्राउझर आणि लिबरऑफिस या दोन्हींत ‘पोळा’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द टंकून पाहावेत. ते नीट उमटले नाहीत, तर लॉगिनच्या वेळी ‘एक्स’चे सत्र निवडावे; एक्सएफसीई ४.२० मध्ये ती सोय कायम आहे. पाया बदलणे सुरक्षिततेसाठी हिताचे आहे. पण रोजचे काम मराठीत चालते, त्याने आपली लिपी तपासूनच पुढचे पाऊल टाकावे.